बावीस बिऱ्हाडं आणि तात्यांची यादी

चितेगावच्या पाइपच्या कारखान्यात अंबिकाला अंबिका म्हणून कुणी हाक मारत नसे. ‘फॉरमॅटवाली आली गं’ म्हणत. तिची स्कूटी गेटातून आत शिरली, की ऑफिसातली माणसं आपापल्या कॉम्प्युटरपुढं आडवी येत. पगारपत्रकं करणाऱ्या बाई तर सरळ कीबोर्डवर पदर टाकून बसत. कोंबडीनं पिलांवर बसावं तसं.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. अंबिका औरंगपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होती, आणि गेल्या उन्हाळ्यात तिनं याच कारखान्यात येऊन तात्यासाहेबांची यादी पुसली होती.

तात्यासाहेब म्हणजे इथले स्टोअर सांभाळणारे. बिडकीनकडच्या चांगल्या शेतीवाल्या घरातले, साठीला टेकलेले, सरळ नाकाचे आणि त्याहून सरळ तोंडाचे. पाइप, नटबोल्ट, रबराच्या चकत्या सगळं त्यांच्या जिम्म्यात. पण जीव होता तो त्या यादीत. पैठण रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या साठ विहिरी तिच्यात होत्या. कुणाची विहीर, किती परस, म्हणजे किती पुरुष खोल, पाणी उरलंय, गोड की मचूळ, आणि मालक मेंढरांना पाजू देतो की कुत्रं सोडतो. लागोपाठ तिसरं वर्ष पावसानं दगा दिलेला. धनगर कळप घेऊन वणवण हिंडायचे, आणि संध्याकाळी पाचनंतर, उन्हाचा तडाखा उतरला की, तात्यांचा छोटा मोबाइल वाजायला लागायचा. “तात्या, आज कुठं?” तात्या चष्मा नाकावर आणून पडद्यावर बघून सांगायचे, अमक्याच्या मळ्यात जा, तमक्याकडं जाऊ नको, काल आटली.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की त्यांचं डोकं फिरायचं. “पाणी कुठंय म्हणून इचारतोय माणूस. त्याला उत्तर द्यायला कारण लागतंय व्हय?”

तर अशी ती यादी. तात्यांच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला, अंबिका आली, तिनं विचारलं, “डी ड्राइव्हवर काही ठेवलंय का?” तात्या म्हणाले, “डी म्हंजी काय? माझं समदं समोरच असतंय.” तिला वाटलं नाही म्हणताहेत. त्यांचं समोर म्हणजे डेस्कटॉप, आणि डेस्कटॉप म्हणजे डिस्कचा दुसरा कप्पा, सी, आणि तो सी तिनं एका बटणात धुऊन टाकला. तात्या शिव्या घालतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. त्यांनी शिवी दिली नाही. छत्री उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून रजा टाकून गावोगाव एसटीनं हिंडले. नऊ दिवस विहिरींत डोकावून नवी यादी केली. ते नऊ दिवस फोन वाजतच होते.

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. अंबिका धनगराचीच पोर. तिचा बाप मुंजाबा मेंढरांच्या मागं हिंडूनच संपला, आई बानाबाईची निम्मी हयात उघड्या माळावर गेली. आता मायलेकी पुंडलिकनगरात दोन खोल्यांत राहत होत्या, पण तहानलेला कळप चुकीच्या वाटेला लागला की काय होतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती वर्षभर मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होती. परत तात्यांचं काही जाता कामा नये. एकदाही नाही.

वर्षभर तिनं त्यावर डोकं चालवलं. तिच्या ध्यानात आलं, की खोट एकट्या तिच्यात नाही, मांडणीतच आहे. विंडोज राहते सीवर, रोग येतो सीवर, धुवायचा तो सी, आणि माणसांचे फोटो, पत्रं, याद्या सगळं काही आपसूक तिथंच जाऊन पडतं. लोकांना ‘डीवर ठेवा’ म्हणून सांगून घसा कोरडा झाला तरी ते ठेवत नाहीत. मग सांगायचंच कशाला? विंडोज टाकतानाच ती माणसांची घरं उचलून डीवर मांडली तर? माणूस डेस्कटॉपवर ठेवील, त्याला वाटेल समोर ठेवलं, आणि ते जाईल डीवर. पुढं सी शंभरदा धुवा.

हे करायची एक युक्ती असते. विंडोज टाकताना कॉम्प्युटर दहा प्रश्न विचारतो, भाषा कुठली, डिस्क कुठली, नाव काय. त्या सगळ्यांची उत्तरं एका फाइलीत आधीच लिहून पेनड्राइव्हवर ठेवली, की तो मुकाट्यानं सगळं उरकतो, माणूस लागत नाही. त्या उत्तरांत तिनं एक ओळ घातली, वापरणाऱ्यांचे फोल्डर डीवर. आणि सगळ्यांच्या आधी एक पायरी लावली, सीवर लोकांचं जे आहे ते अगोदर उचलून डीवर नेऊन ठेव, मगच सी धू. रोज दुकान बंद व्हायच्या आधी तासभर ती हाच खेळ खेळत बसायची.

आणि संधी आली. मालकांचा मुलगा विश्वजीत यानं बावीसच्या बावीस कॉम्प्युटरांवर नवी विंडोज टाकायचं काढलं. त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी पुरेना म्हणून कारखाना शुक्रवार-शनिवार बंदच ठेवायचा, असं मालकांनी ठरवलेलं. तेवढ्या दोन दिवसांत काम उरकायचं. विश्वजीतनं स्वच्छ सांगितलं, “एकाचं जरी काही गेलं ना, तर पुढच्या वेळी मी पुण्याहून माणसं बोलावणार.” अंबिका हो म्हणाली. विश्वजीतची तिला एवढी धास्ती नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर छत्री उचलणारे तात्या होते.

शुक्रवारी सकाळी ती निघाली, तर मागच्या सीटवर बानाबाई येऊन बसली.

“तू कुठं, माय?”

“एवढा थोरला कारखाना, आन् सुट्टीच्या दिशी एकली पोर. मी येती. भाकरी बांधून घेतलीया.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. बानाबाई एकदा बसली की बसली.

पहिल्याच कॉम्प्युटरनं इंगा दाखवला. त्यातला सीडीचा कप्पा स्वतःच डी होऊन बसला, आणि फोल्डर बिचारे दारात येऊन उभे, आत घरच नाही. अंबिकानं कपाळाला हात लावला, फाइलीत दोन ओळी वाढवल्या, डी कोण आणि सीडी कोण हे ठणकावून लिहिलं. दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत. मग काय विचारता! तीन पेनड्राइव्ह तीन कॉम्प्युटरांना, पाऊण तासानं पुढच्या तिघांना. बानाबाई खुर्चीत मांडी घालून पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या सरकताना बघत होती.

“मंजी हे बिऱ्हाड हलवायचं काम दिसतंय,” ती म्हणाली.

“अगदी तेच. बावीस बिऱ्हाडं.”

“आन् माणसं?”

“माणसं रविवारची सुट्टी संपवून सोमवारी येतील. त्यांना कळायचंसुद्धा नाही की घर हललं.”

“असं कुठं असतंय?” बानाबाईला पटलं नाही. पण पट्ट्या पुढं सरकत होत्या, आणि लेकीच्या तोंडावर हसू होतं. म्हणून तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. मिरचीचा ठेचा, कांदा आणि एसीची गार हवा. दोघींना सहल काढल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला. संध्याकाळपर्यंत पंधरा बिऱ्हाडं हलली. एकेकाचं डेस्कटॉप उघडून अंबिकानं पाहिलं, वारीचे फोटो, बारशाच्या पत्रिका, दहावीचे निकाल, सगळं जागच्या जागी. पदर टाकून बसणाऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरवर पाककृतींचे सतरा फोल्डर निघाले. तेसुद्धा सुखरूप.

शनिवारी उरले सात, आणि बानाबाई त्याही दिवशी बरोबर. त्यांतले सहा दुपारपर्यंत झाले. सातवा स्टोअरमधला, आणि त्याच्यासमोर सकाळपासून तात्यासाहेब ठाण मांडून बसलेले. सुट्टी असून, डबा घेऊन, एसटीनं.

“तात्या, नमस्कार,” अंबिका दारातूनच म्हणाली.

“नमस्कार. ये. कर तुझं काम. म्या बसून बगणार हाय.”

तिनं पेनड्राइव्ह लावायच्या आधी डेस्कटॉप उघडला. नटबोल्टांच्या नोंदी होत्या, मालाच्या आवकजावकीचे तक्ते होते. विहिरींची यादी नव्हती. तिनं इकडं शोधलं, तिकडं शोधलं.

“तात्या, यादी कुठंय?”

“हाय.”

“पण कुठं? मला दिसली पाहिजे. ती आधी सुरक्षित झाली की मगच मी हात लावीन.”

तात्यांनी शांतपणे कमरेची चंची काढली, सुपारी कातरली, आणि सुपारीच्या शेजारी अंबिकाला एक निळा पेनड्राइव्ह दिसला. “पोरी,” ते म्हणाले, “गेल्या साली तू मला येक शिकवलंस. या टायमाला माझी यादी जिथं हाय ना, तिथं तुझा हात पोचतच नाय. तुझाच काय, कुणाचाच नाय. तू बिनघोर काम कर.”

तिनं त्या निळ्या पेनड्राइव्हकडं पाहिलं आणि ती मनातून खूश झाली. शिकले की तात्या! काढून घेतली यादी, कमरेला लावली. आता हट्टानं ‘दाखवा’ म्हणावं तर म्हाताऱ्याचा पाणउतारा व्हायचा, आणि गेल्या सालानंतर तिला तोंड कुठं होतं? तिनं साडेतीनला कॉम्प्युटर सुरू केला. पहिली पट्टी सरकायला लागली. ती शेजारच्या खोलीत राउटरच्या तारा नीट करायला गेली.

इकडं स्टोअरमध्ये तात्या आणि बानाबाई, दोघं एकाच वयाची, दोघं बोलायला भुकेली. अंबिका भिंतीपलीकडून ऐकत होती, हात तारांत.

“तुमी धनगराच्या, म्हंजी लई हिंडला असाल,” तात्या म्हणाले.

“हिंडलो तर! आठ दिसाला वाडा हलायचा. पुढं घोडं, त्येच्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरं. आन् समद्यात मागं माझी सासू. समदी गेल्यावर ती रिकाम्या जागंवर येक फेरा मारायची. काठीनं समदं उकरून बगायची.”

“काय ऱ्हातंय मागं?”

“एकदा काय झालं, लेंड्यांच्या ढिगात कोकरू घावलं. दोन दिसांचं. ऊब लागती म्हणून शिरलं आन् झोपलं. आमी कोसभर गेलो व्हतो. ढिगात कोण बगतंय, सांगा?”

“व्हय, व्हय!” तात्यांना एकदम उमाळा आला. “ढिगात कुणीच बगत नाय! आमची आजी तर त्यातली उस्ताद. रझाकारांच्या वक्ताला तिनं पुतळ्यांची माळ कुठं पुरली म्हणता? उकिरड्यात! त्यांनी घर उलथंपालथं केलं, कणग्या फोडल्या, चुलीखालती खणलं. दारातला उकिरडा ओलांडून चार येळा आत-बाहेर गेले. कुणी हात घातला नाय. माळ अजून घरात हाय, थोरल्या सुनेच्या गळ्यात.”

“शानी बाई,” बानाबाई म्हणाली.

“मंग! म्हणून म्या बी तीच तजवीज केलीया.” तात्यांनी आवाज बारीक केला, पण बारीक करूनही तो भिंतीपार येईल इतका मोठाच राहिला. “माझी यादी म्या उकिरड्यातच ठिवतो.”

अंबिकाच्या हातातली तार खाली पडली.

ती दारात आली. “तात्या, उकिरडा म्हणजे?”

“ते चित्र नाय का कोपऱ्यात, केराच्या टोपलीचं? त्यात टाकतो सांजच्याला. सकाळी काढतो, काय कमीजास्त ते लिव्हतो, पुन्ना टाकतो. सालभर झालं, कुणी बोट लावलं नाय.”

“आणि तो निळा पेनड्राइव्ह?”

“त्यात भजनं हायत. एसटीत ऐकाया.”

केराच्या टोपलीत! लोकांच्या फोल्डरांत जे होतं ते सगळं तिनं उचललं होतं. पण टोपली फोल्डरांत नसते, ती सीच्या मुळाशी असते, आणि केर कुणी नव्या घरी नेतं का? तिच्या त्या शहाण्या फाइलीनं टोपलीकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. ती धावली. पहिली पट्टी संपलेली, सी धुऊन झालेला, नव्या विंडोजच्या फाइली ओतायला सुरुवात झालेली, सहा टक्के. तिनं भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. पडदा काळा झाला.

तात्या उभे राहिले. त्यांना सगळं कळलं नाही, पण तिच्या तोंडाकडं बघून पुरेसं कळलं.

“पुन्ना?” एवढंच म्हणाले.

अंबिकाला रडू फुटायच्या बेतात होतं. तिनं ते गिळलं. चूक कुणाची म्हणायची? त्यांनी सांगितलं नाही, तिनं नेटानं विचारलं नाही. पण हा पंचनामा करायला आता फुरसत कुणाला होती? घड्याळात चार वाजायला दहा कमी होते, आणि पाचनंतर फोन वाजणार होते.

“तात्या, ऐका,” ती म्हणाली. “धुतलं म्हणजे घासून काढलं असं नसतं. फक्त कुठं काय ठेवलंय त्याची पाटी पुसली जाते. माल जागेवरच असतो, त्याच्यावर नवीन काही येऊन पडेस्तोवर. नवीन आलंय ते थोडंच आहे. तुमच्या यादीवर पडलंय की नाही ते मला माहीत नाही. शोधल्याशिवाय कळणार नाही.”

“शोध मंग,” तात्या म्हणाले. “बोलत काय बसली?”

तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडून डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला तारेनं जोडली आणि हरवलेल्या फाइली हुडकायचा प्रोग्राम लावला. ती डिस्क अख्खी चाळायची, कणकण. बानाबाईनं न विचारता पंखा बंद केला, पंख्यानं काही उडून जाईल असं तिला वाटलं असावं. कुणी तिला हसलं नाही. तात्या हात मागं बांधून येरझाऱ्या घालत होते. एकदा थांबून म्हणाले, “तू एवढी बेजार व्हऊ नको. म्याच मूर्ख.” आणि पुन्हा चालायला लागले. अंबिकाला त्याच्यानं जास्तच वाईट वाटलं.

पाच वाजून सात मिनिटांनी पहिला फोन आला. तात्या म्हणाले, “थोडा दम धर, मीच लावतो तुला.” दुसरा आला. त्यालाही तेच. तिसरा आला तो फकिरा धनगराचा. तात्यांना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन कायम सगळ्यांना ऐकू जाईल असाच असायचा.

“तात्या, फाट्यावर हाय,” फकिरा म्हणाला. त्याच्या मागं मेंढरांचं बॅंऽऽ बॅंऽऽ चाललेलं. “पहाटंपून हिंडतोय, कुठंच पाणी नाय भेटलं. दोनशे हायत. कोकरं झोळीत घेतलीत. उजवीकडं जाऊ का डावीकडं?”

उजवीकडं मोतीरामचा मळा, डावीकडं सांडूचा. दोन्ही फाट्यापासून कोस-कोसभर. तात्या कपाळ चोळायला लागले. “दोनीतली येक आटली. गुरुवारी लिव्हलं म्या. मोतीरामची का सांडूची, ध्यानातच येईना झालंय.”

“फोन करा की त्यांना,” बानाबाई म्हणाली.

“नंबर बी यादीतच हायत.”

“मग अंदाजानं सांगा,” फकिरा फोनवरनं म्हणाला. “जिनावरं बसाया लागली, तात्या.”

“अंदाजानं?” तात्या ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. “दोनशे जीव हायत! उलट्या वाटंनं धाडलं तर माघारी यायचं त्राण ऱ्हाईल का त्यांच्यात? थांब तिथंच. फोन ठिवू नको.”

लॅपटॉपनं टुंग केलं. चाळून झालं होतं. टोपलीतल्या फाइलींची नावं गेलेली, नुसते नंबर. तीनशेच्या वर तक्ते. अंबिका एकेक उघडत सुटली. रबराच्या चकत्या. नटबोल्ट. दिवाळीच्या मिठाईचं वाटप. पुन्हा नटबोल्ट. एक फाइल अर्धी तुटलेली, चौकोन-चौकोन. पुढची उघडली, आणि तात्या खुर्चीमागून ओरडले, “हीच! हीच की!”

गावं, नावं, परस, गोड, मचूळ. साठच्या साठ ओळी. तात्यांचं बोट खाली सरकलं. “हे बग, सांडू. दीड परस, गोड. घावलं! फकिरा, ऐक, डावी...”

“थांबा!” अंबिकानं फोनवर तळवा ठेवला. “तात्या, वरची तारीख बघा.”

तारीख मंगळवारची होती.

तात्या रोज यादी टोपलीतून काढून, बदलून, परत टाकायचे. प्रत्येक बदलाची जुनी प्रत मागं डिस्कवर तशीच पडून राहिलेली, आणि आता सगळ्या एकदम वर आल्या होत्या. एकीसारखी एक. नवी कोणती हे नंबर सांगत नव्हता, फक्त तात्यांनी यादीच्या डोक्यावर टाकलेली तारीख सांगत होती. आणि तात्या तारीख न चुकता टाकत.

“गुरुवारची पाहिजे,” ती म्हणाली. “शुक्रवारी तुम्ही आला नव्हता.”

मार्च उघडला. फेब्रुवारी उघडला, तेव्हा विहिरींत केवढं पाणी होतं! बुधवार उघडला, सांडू तिथंही दीड परस. फोनमधून कुत्र्याचं भुंकणं येत होतं, आणि फकिराचं कुणाला तरी, “उठ, उठ गं, बसू नको.” बानाबाईनं डोळे मिटून घेतले होते. आणखी एक. चौकोन-चौकोन. आणखी एक.

गुरुवार.

तिनं यादीत खाली जाऊन दोन्ही ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. मग तारीख पुन्हा पाहिली. सांडूच्या ओळीत तात्यांनी लिहिलं होतं, ‘आटली. कोणालाही पाठवू नये.’ आणि मोतीराम, ‘दोन परस, गोड. मेंढरांना हरकत नाही. आधी हाक मारणे, कुत्रे वाईट आहे.’

ती बाजूला झाली आणि पडदा तात्यांकडं वळवला. तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि वाचलं. मग त्यांनी मोबाइल उचलला आणि तिच्या हातात दिला.

“तूच सांग,” ते म्हणाले.

“मी?”

“सांग म्हणतो ना. त्यो ताटकळलाय.”

ज्या माणसानं सालभर तिला कॉम्प्युटरच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं, तो आता खुर्चीत मागं रेलून तिच्याकडं बघत होता. अंबिकानं घसा खाकरला.

“फकिरामामा, उजवीकडं वळा. मोतीरामच्या मळ्यात. दोन परस पाणी हाय, गोड हाय. आदी लांबनंच हाक मारा, कुत्रं वंगाळ हाय.”

तिची भाषा अशी आपोआप बदललेली पाहून बानाबाईनं डोळे उघडले.

“कोण बोलतंय?” फकिरानं विचारलं.

अंबिका काही बोलायच्या आत तात्यांनीच फोनकडं तोंड करून हाळी दिली, “आपलीच पोर हाय. ती सांगती ते खरं. वळीव!”

फोन चालूच राहिला. फकिरानं तो तसाच खिशात टाकला असावा. आधी त्याची लांबलचक हुर्रर्र ऐकू आली, मग काठी आपटल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसताच गलका, त्यातलं काय ते अंबिकाला कळेना. तात्यांनाही कळेना. दोघं बानाबाईकडं बघत राहिले. ती फोनच्या अगदी जवळ सरकली, पदर कानामागं सारला आणि मान वाकडी करून ऐकत बसली.

“वळल्या,” ती म्हणाली.